दोन अ‍ॅडव्हर्ब जोडून क्रियापदाच्या आधी टाकले की वाक्य 'ऑकवर्ड' का होतं?

दोन_टिंबं :
मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण कालपासून डोक्यात भुंगा लागलाय. मी मराठीतून इंग्रजीत मॅन्युअल्स आणि कामाचे रिपोर्ट करून देते. काल एक फाईल तपासून परत आली, त्यात चार वाक्यांवर लाल रेघ आणि बाजूला एकच शब्द, 'ऑकवर्ड'. का ते लिहिलेलं नाही. विचारलं तर म्हणे कानाला बरं वाटत नाही. अहो पण माझ्या कानाला बरं वाटलं म्हणूनच लिहिलं ना मी.

चारही वाक्यांत एक गोष्ट सारखी आहे, दोन अ‍ॅडव्हर्ब (क्रियाविशेषणं) 'अँड'ने जोडलेत :

१) 'द टेक्निशियन ओपन्ड स्लोली अँड केअरफुली द व्हॉल्व्ह.'
२) 'द टीम हार्ड अँड ऑनेस्टली वर्क्ड.'
३) 'वी काइंडली अँड अर्जंटली रिक्वेस्ट युअर अप्रूव्हल.'
४) 'ऑपरेटर्स हू चेक द गेज रेग्युलरली अँड करेक्टली रिपोर्ट द रीडिंग.'

दोन अ‍ॅडव्हर्ब जोडून क्रियापदाच्या आधी ठेवायचेच नाहीत असा काही नियम आहे का? असला तर सांगून टाका, पाळते बापडी.

उगाच_वाचक :
सोप्पंय. अ‍ॅडव्हर्ब वाक्याच्या शेवटी ढकलायचे, विषय संपला. मी वीस वर्षं हेच करतोय, अजून कोणी हाकलून दिलं नाही.

काना_मात्रा :
वाचकबुवा, तुमच्या नियमाने पहिली तीन वाक्यं कशीबशी तरतील, चौथं मात्र आणखी गाळात जाईल. असो, एकेक घेऊ.

ताई, पहिल्या वाक्यात अ‍ॅडव्हर्ब क्रियापदाच्या आधी नाहीच आहेत, ते क्रियापद आणि कर्म यांच्या मधे घुसलेत आणि इंग्रजीत ती जागा जवळपास बंद असते. 'ओपन्ड' आणि 'द व्हॉल्व्ह' हातात हात घालून चालतात, मधे कोणी शिरलेलं खपत नाही. आधी ठेवा, 'द टेक्निशियन स्लोली अँड केअरफुली ओपन्ड द व्हॉल्व्ह', चालतं. शेवटी ठेवा, 'ओपन्ड द व्हॉल्व्ह स्लोली अँड केअरफुली', तेही चालतं. मधे ठेवलं की संपलं.

आपल्याकडून ही चूक होते त्याचं कारण मला असं वाटतं, की मराठीत 'त्याने व्हॉल्व्ह सावकाश आणि काळजीपूर्वक उघडला' म्हणताना सावकाश-काळजीपूर्वक ही जोडी कर्म आणि क्रियापद यांच्या मधेच बसते, ती मराठीतली सगळ्यात आरामाची जागा आहे. इंग्रजीत करताना आपण कर्म आणि क्रियापदाची अदलाबदल करतो आणि जोडी मधल्या खुर्चीवर तशीच बसलेली राहते.

दोन_टिंबं :
अग्गंबाई! अगदी असंच करते मी. आधी 'टेक्निशियन ओपन्ड' टाईप करते आणि मग मराठी वाक्यात उरलेलं भरत जाते.

पण मग आधी आणि शेवटी दोन्ही चालतं तर निवडायचं कसं? नाणं उडवून?

काना_मात्रा :
लहान वाक्य असेल तर खरंच फारसा फरक पडत नाही. शेवटी ठेवलं की जोर अ‍ॅडव्हर्बवर येतो, म्हणजे 'कसा उघडला' हीच बातमी असेल तर शेवटी. व्हॉल्व्ह उघडला ही बातमी आणि कसा ते जाता जाता, तर आधी.

वाक्य लांबलं की गंमत सुरू होते. हे बघा : 'शी एक्सप्लेन्ड द रूल्स टु एव्हरीवन हू हॅड कम लेट पेशंटली अँड क्लिअरली.' आता धीराने आणि स्पष्टपणे कोण काय करतंय? नियम समजावणारी बाई, की उशिरा येणारी मंडळी? धीराने उशिरा आले! 😄 इथे जोडी आधी आणल्याशिवाय गत्यंतर नाही, 'शी पेशंटली अँड क्लिअरली एक्सप्लेन्ड...' आणि मग पुढे काय शेपूट लावायचं ते लावा. वाचकबुवा, तुमचा नियम इथे आडवा होतो.

उगाच_वाचक :
झालो आडवा. लोळूनच वाचतोय तसाही.

रात्रपाळी :
मधे घुसलेलं कधीच खपत नाही असं नाहीये हां. कर्म लांबलचक असेल तर ते स्वतःच मागे सरकतं आणि मधे जागा होते. 'ही एक्सप्लेन्ड स्लोली अँड क्लिअरली ऑल द रूल्स दॅट हॅड चेंज्ड सिन्स द लास्ट मीटिंग.' हे इंग्रजीत चांगलं वाक्य आहे. पण 'ही एक्सप्लेन्ड स्लोली अँड क्लिअरली द रूल्स' म्हटलं की पुन्हा खटकतं. कर्म जितकं वजनदार तितकं ते शेवटी जाऊन बसायला बघतं. 'द व्हॉल्व्ह' म्हणजे दोन शब्दांचा किरकोळ माणूस, त्याला क्रियापदाचं बोट सोडवत नाही.

काना_मात्रा :
बरोबर, म्हणूनच 'जवळपास बंद' म्हटलं होतं. :)

इति_लेखनसीमा :
दुसऱ्या वाक्याबद्दल मी लिहितो. 'हार्ड अँड ऑनेस्टली वर्क्ड' मधे 'ऑनेस्टली' निर्दोष आहे, घोळ 'हार्ड'चा आहे. इंग्रजीत काही अ‍ॅडव्हर्ब साध्या कर्तरी वाक्यात क्रियापदाच्या पुढ्यात सहसा येत नाहीत, हार्ड, फास्ट, वेल ही त्यातली ठळक नावं. 'ही हार्ड वर्क्ड' होत नाही, 'ही वर्क्ड हार्ड'च. मग जोडीतला एक जण जिथे एकटा उभा राहू शकत नाही तिथे जोडीदाराचा हात धरूनही राहू शकत नाही. दोघांनाही मागे न्या, 'द टीम वर्क्ड हार्ड अँड ऑनेस्टली'.

आणि खबरदार, 'हार्ड'ला ली लावून 'हार्डली' (म्हणजे 'जेमतेमच') करू नका, सगळी टीम कामचुकार ठरेल.

दोन_टिंबं :
😳 पहिल्या ड्राफ्टमधे 'हार्डली अँड ऑनेस्टली'च होतं, वर्डने काही दाखवलं नव्हतं. मलाच शेवटच्या क्षणी सुचलं म्हणून 'ली' काढला.

आगाऊ_कार्टा :
इति काका, एक शंका. वेल एकटा पुढ्यात येत नाही म्हणता, मग 'दे वेअर वेल अँड ट्रूली बीटन' कसं काय? कॉमेंटरीत सतत ऐकतो.

इति_लेखनसीमा :
चांगलं पकडलंस. त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ते कर्मणी आहे, आणि कर्मणीत 'वेल' पार्टिसिपलच्या (क्रियापदाच्या 'रिटन'सारख्या रूपाच्या) आधी एकटाही येतो, 'वेल रिटन', 'वेल प्लेड'. दुसरी म्हणजे 'वेल अँड ट्रूली' आता दोन अ‍ॅडव्हर्ब राहिलेलेच नाहीत, ठोकळा झालाय, अर्थ 'पुरता', 'पार'. म्हणून 'द मान्सून हॅज वेल अँड ट्रूली अराइव्ह्ड' चालतं, जिथे 'हॅज वेल अराइव्ह्ड' अजिबात चालणार नाही. म्हणजे माझा वरचा हात धरण्याचा नियम ठोकळ्यांना लागू नाही.

असे ठोकळे बरेच आहेत. 'मोअर ऑर लेस' घे, 'आय हॅव मोअर ऑर लेस फिनिश्ड'. त्यातला मोअर वेगळा काढ बरं, 'आय हॅव मोअर फिनिश्ड', काही अर्थच नाही.

आगाऊ_कार्टा :
आणि 'स्लोली बट शुअरली' ना? तोही ठोकळा?

इति_लेखनसीमा :
अर्धा ठोकळा म्हण. वापरून वापरून गुळगुळीत झालाय पण सुटे भाग अजून जिवंत आहेत. 'बट'वाल्या जोड्या क्रियापदाच्या आधी विशेष शोभतात हे मात्र खरं. 'शी पोलाइटली बट फर्मली रिफ्यूज्ड.' नकाराच्या आधीच नकार कसा येणार ते कळतं. हीच जोडी शेवटी टाकली तर व्याकरण ठीक, पण नकार आधी धाडकन आदळतो आणि मलमपट्टी मागून येते.

शेवटचा_बाक :
मला वेगळंच एक दिसतंय. ताईंनी लिहिलं नाही पण असं लिहिणारे शंभर बघितलेत (मी पण त्यातलाच) : 'स्लो अँड केअरफुली'. पहिल्याचा 'ली' गायब. याचं मूळ मराठीत आहे. आपण 'प्रेम आणि आदराने वागवलं' म्हणतो, प्रत्यय एकदाच, शेवटच्याला, आणि तो दोघांना पुरतो. 'प्रेमाने आणि आदराने' पण म्हणतो पण पहिलं जास्त सुटसुटीत. स्पॅनिशमधेही थेट असंच आहे, 'लेंता इ कुइदादोसामेंते', 'मेंते' फक्त शेवटच्याला. इंग्रजीला ही काटकसर मंजूर नाही, ज्याचा त्याचा 'ली' ज्याने त्याने आणायचा.

काना_मात्रा :
हे फार नेमकं सांगितलंत. तपासताना ही चूक डोळ्यांतून निसटते ती यामुळेच, कारण आपल्या मराठी डोक्याने शेवटचा 'ली' आधीच दोघांत वाटून टाकलेला असतो.

रात्रपाळी :
तिसरं वाक्य राहिलं. 'काइंडली अँड अर्जंटली रिक्वेस्ट.' 'वी अर्जंटली रिक्वेस्ट' ठीक. 'वी काइंडली रिक्वेस्ट' मला स्वतःला आवडत नाही (विनंती करणाराच स्वतःला दयाळू म्हणवतो!) पण सर्रास चालतं. मग दोन बरी वाक्यं जोडली तर बिघडलं कुठे? तर दोघांचं काम वेगळं आहे. अर्जंटली सांगतं की विनंती किती निकडीची आहे, काइंडली नुसता नमस्कार आहे. 'अँड' हा तराजू धरावा, दोन्ही पारड्यांत एकाच जातीचा माल लागतो.

मी एक कसोटी वापरतो. दोन्ही अ‍ॅडव्हर्ब एकाच प्रश्नाचं उत्तर देतात का? 'कसं उघडला?' सावकाश. 'कसं उघडला?' काळजीपूर्वक. जोडा. 'ही ऑफन अँड लाउडली लाफ्स' : एक किती वेळा, दुसरं कसं. नका जोडू, 'ही ऑफन लाफ्स लाउडली' म्हणा, प्रत्येकाला आपापली जागा. 'शी प्रोबॅबली अँड क्वाएटली लेफ्ट' तर विनोदच, प्रोबॅबली हा बोलणाऱ्याचा अंदाज, क्वाएटली हे तिचं वागणं.

उगाच_वाचक :
ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. 'टेक द मेडिसिन रेग्युलरली अँड करेक्टली' यात एक किती वेळा, एक कसं, आणि कोणालाही खटकत नाही. बघा, लोळूनही विचार करतो माणूस.

रात्रपाळी :
मान्य. रेग्युलरली दोन्ही डगरींवर पाय ठेवून असतो, 'नियमाने' हा किती वेळाही झाला आणि कसंही झालं. कसोटी म्हणजे काही कायदा नव्हे.

कलम_बहाद्दर :
कायद्याचं नाव निघालं म्हणून येतो, इतका वेळ नुसता वाचत होतो. ज्यांना वाटतं की क्रियापदाच्या आधी अ‍ॅडव्हर्बांची जोडी म्हणजे वाईट इंग्रजी, त्यांनी राज्यघटनेची तिसरी अनुसूची काढून बघावी. मंत्र्यांची शपथ : 'आय विल फेथफुली अँड कॉन्शिएन्शसली डिस्चार्ज माय ड्यूटीज'. मराठीत आपण ऐकतो ते 'निष्ठापूर्वक व शुद्ध बुद्धीने पार पाडीन'. दोन्ही भाषांत जोडी क्रियापदाला खेटून उभी आहे. मराठीत ती आपल्या नेहमीच्या जागी आहे, इंग्रजीत मात्र मुद्दाम पुढे आणलेली, कारण पुढे कर्तव्यांची शेपटी लांब आहे, शेवटी टाकली असती तर जोडी कुठल्या कुठे गेली असती.

न्यायाधीशांची तर त्याहून भारी : 'ड्यूली अँड फेथफुली अँड टु द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी, नॉलेज अँड जजमेंट परफॉर्म द ड्यूटीज ऑफ माय ऑफिस'. दोन अ‍ॅडव्हर्ब, त्यांना जोडून आख्खा शब्दसमूह, आणि 'परफॉर्म' बिचारा रांगेच्या शेवटी. ब्रिटनमधे १९७८च्या शपथांच्या कायद्यात देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करायचा जो नमुना आहे त्यात तीन आहेत, 'डू सॉलेम्नली, सिन्सिअरली अँड ट्रूली डिक्लेअर अँड अफर्म', तीन अ‍ॅडव्हर्ब आणि पुढे दोन क्रियापदं, तिन्ही दोन्हींना लागू.

आणि गोपनीयतेच्या शपथेत 'आय विल नॉट डायरेक्टली ऑर इनडायरेक्टली कम्युनिकेट ऑर रिव्हील'. इथे 'ऑर' आहे पण अर्थ 'दोन्हीपैकी कसंही नाही'. 'नॉट' आधी आला की 'ऑर' सगळे दरवाजे बंद करतो.

आगाऊ_कार्टा :
वकीलसाहेब, शपथेतला अ‍ॅडव्हर्ब हलवला तर काय होतं?

कलम_बहाद्दर :
ते तर जगाने पाहिलंय. २० जानेवारी २००९, बराक ओबामांचा शपथविधी. घटनेतले शब्द 'आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस'. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सांगताना 'फेथफुली' उचलून पार शेवटी टाकला. ओबामा थबकले, रॉबर्ट्स यांनी दुरुस्त करायचा प्रयत्न केला, गोंधळ उडाला आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधे खबरदारी म्हणून शपथ पुन्हा घ्यावी लागली. भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्यावर लिहिलं की याच्या मुळाशी सहायक आणि मुख्य क्रियापद यांच्या मधे अ‍ॅडव्हर्ब नको ही जुनी अंधश्रद्धा असावी. 'विल' आणि 'एक्झिक्यूट' यांच्या मधे शब्द आलेला काही लोकांना सोसत नाही. खरं तर इंग्रजीत अ‍ॅडव्हर्बची तीच हक्काची जागा आहे.

दोन_टिंबं :
म्हणजे 'हॅज बीन' वगैरे असेल तेव्हा नक्की कुठे ठेवायची जोडी? दोन-दोन सहायक असले की माझी तारांबळ उडते.

काना_मात्रा :
'कसं' सांगणारी जोडी असेल तर मुख्य क्रियापदाला चिकटवा : 'द रिपोर्ट हॅज बीन केअरफुली अँड थरोली चेक्ड'. कर्मणीत ही जागा इतकी सहज आहे की डोळे झाकून ठेवा. हळूहळू होणारा बदल वगैरे सांगायचा असेल तर पहिल्या सहायकानंतर, 'हॅज स्लोली बट शुअरली बीन चेंजिंग'. आणि 'टु'नंतर आली तर? 'टु स्लोली अँड केअरफुली ओपन', टु आणि ओपन एकमेकांपासून दोन हात लांब गेले. याला चूक म्हणणारे एकोणिसाव्या शतकापासून आहेत, मी म्हणत नाही, पण जोडी लांब असेल तर शेवटी न्यावी, कारण वाचणारा 'टु'वर एक पाय टाकून दुसरा कुठे टाकायचा ते शोधत बसतो.

शेवटचा_बाक :
स्वल्पविरामाचं पण सांगून टाका कोणीतरी.

काना_मात्रा :
'अँड' असेल तर दोघांच्या मधे नको. 'अँड' गाळला तर हवा, 'ही स्लोली, केअरफुली ओपन्ड द व्हॉल्व्ह'. 'बट'ला शक्यतो नको, द्यायचाच तर दोन्ही बाजूंनी द्या. एकाच बाजूला दिलेला स्वल्पविराम म्हणजे एका पायात चप्पल.

इति_लेखनसीमा :
चौथ्या वाक्याला कोणी हात लावला नाही अजून. तेच खरं दुखणं आहे. 'ऑपरेटर्स हू चेक द गेज रेग्युलरली अँड करेक्टली रिपोर्ट द रीडिंग.' जोडीच्या डावीकडे 'चेक', उजवीकडे 'रिपोर्ट', आणि जोडी दोघांकडे तिरप्या नजरेने बघतेय. नियमित आणि अचूक तपासतात, की नियमित आणि अचूक कळवतात? व्याकरणाने दोन्ही बरोबर. लिहिताना कळत नाही कारण आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्याला माहीत असतं.

ताई, मूळ मराठी वाक्य टाका ना.

दोन_टिंबं :
थांबा, फाईल उघडते.

हे घ्या : 'जे ऑपरेटर गेज नियमित तपासतात ते आकडा अचूक कळवतात.'

अरेच्चा.

इति_लेखनसीमा :
😀

दोन_टिंबं :
म्हणजे नियमित तपासण्याला होतं आणि अचूक कळवण्याला. मुळात जोडी नव्हतीच! मीच दोघांना एकत्र आणून 'अँड'ने गाठ मारली, तेही दोन्ही अ‍ॅडव्हर्ब एकाच जागी छान मावतायत म्हणून. मराठीत 'जे' आणि 'ते' आपापला माल आपापल्या बाजूला ठेवत होते.

रात्रपाळी :
माझ्या कसोटीत हे सापडलं असतं म्हणायचा मोह होतोय, पण वाचकबुवांनी नेमकं हेच उदाहरण देऊन ती मोडून ठेवलीय.

दोन_टिंबं :
चला, चारही दुरुस्त केली. बघा :

१) 'द टेक्निशियन स्लोली अँड केअरफुली ओपन्ड द व्हॉल्व्ह.'
२) 'द टीम वर्क्ड हार्ड अँड ऑनेस्टली.'
३) 'वी अर्जंटली रिक्वेस्ट युअर अप्रूव्हल.' (नमस्कार वरच्या ओळीत आहेच)
४) 'ऑपरेटर्स हू रेग्युलरली चेक द गेज रिपोर्ट द रीडिंग करेक्टली.'

पाठवू का?

आगाऊ_कार्टा :
ताई थांबा! चौथं वाचताना मी 'गेज रिपोर्ट' हा एकच शब्द समजलो. गेज रिपोर्ट तपासणारे ऑपरेटर्स. आणि मग पुढे क्रियापदच सापडेना.

दोन_टिंबं :
देवा रे. अ‍ॅडव्हर्ब मधून उठले आणि आता नामं एकमेकांना चिकटली.

काना_मात्रा :
'हू' सोडून द्या. 'इफ ऑपरेटर्स चेक द गेज रेग्युलरली, दे रिपोर्ट द रीडिंग करेक्टली.' स्वल्पविराम मधे भिंतीसारखा उभा आहे, आता रेग्युलरली कुठे ठेवलात तरी पलीकडे उडी मारू शकत नाही.

दोन_टिंबं :
पाठवलं. उत्तर आलं की इथेच टाकते.

उगाच_वाचक :
कोणाच्या लक्षात आलं का, शेवटच्या वाक्यात दोन्ही अ‍ॅडव्हर्ब शेवटीच आहेत. मी काय म्हणत होतो पहिल्यापासून?